‘नाच’ म्हणावं तरी कसं?

लहान मुलाला आपण ‘नाच’ म्हणतो आणि वडीलधाऱ्यांना ‘नाचा’. स्पॅनिश भाषेतही तसंच आहे. जवळच्या माणसाला ‘बाइला’ म्हणायचं, परक्याला अदबीनं ‘बाइले’. ब्युनोस आयर्समध्ये मात्र याच ‘बाइला’मध्ये जोर शेवटच्या ‘ला’वर देतात. ‘हल’ म्हणायला इतरत्र ‘मुएवेते’, तर तिथं ‘मोवेते’. एवढ्याशा फरकामागं पाचशे वर्षांचा मानापमान आहे.

मध्ययुगीन स्पेनमध्ये एकट्या माणसाला मानानं ‘वोस’ म्हणत, आपल्या ‘तुम्ही’सारखं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘बाइलाद’. पण ज्याला त्याला ‘वोस’ म्हणता म्हणता त्याची किंमत उतरली. सोळाव्या शतकात बड्या लोकांना तो चक्क अपमान वाटू लागला. त्यांच्यासाठी ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असं संबोधन आलं. तेच झिजून आजचं ‘उस्तेद’ झालं आणि स्पेनमधून ‘वोस’ हळूहळू नाहीसा झाला.

मेक्सिको आणि लिमा इथं व्हाइसरॉयचे दरबार होते, त्यामुळं माद्रिदची नवी रीत तिथं लवकर पोचली. ब्युनोस आयर्स पडलं आडबाजूला. तिथं व्हाइसरॉयचं राज्य आलं ते थेट १७७६ मध्ये. तोवर ‘वोस’ घराघरात मुरला होता. ‘बाइलाद’मधला ‘द’ गळाला, जोर मात्र होता तिथंच राहिला.

पंडितांना हे रुचलं नाही. चिलीत स्थायिक झालेले आंद्रेस बेल्यो यांचं व्याकरण १८४७ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘वोस’ त्यांना अशिष्ट वाटे, आणि चिलीच्या सुशिक्षितांनी तो बराचसा टाकला. अर्जेंटिनातही शाळेत पुस्तकी ‘तू’ शिकवत, मुलं घरी ‘वोस’ बोलत. १९४३ मध्ये लष्करी राजवटीत रेडिओवरच्या टांगो गाण्यांतून ‘लुनफार्दो’ ही रस्त्यावरची बोली हटवण्याची मोहीम निघाली. गाण्यांचे शब्द बदलावे लागले. लोकांचं बोलणं मात्र बदललं नाही.

‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसू येतं, तेव्हा मला ही अर्जेंटिनातली मुलं आठवतात. १९८२ मध्ये तिथल्या भाषा अकादमीनं ‘वोस’ला शिष्ट भाषेत मान्यता दिली. तेव्हा १५८० मध्ये पुन्हा वसलेल्या ब्युनोस आयर्सला चारशे वर्षं उलटून गेली होती.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)