दिवा पाण्याबाहेर टांगला तेव्हा

लातूर-नांदेडकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भांड्यांवर बसतो, हे आपण नेहमी पाहतो. शाळेच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यालयासाठी स्वस्त अतिनील दिवा घ्यायचा तर हाच थर आडवा येतो. त्यावरचा एक उपाय एका मराठी शास्त्रज्ञाने शोधला.

सूर्यप्रकाशात जिवाणूंची वाढ थांबते, हे डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. पुढे पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरात अतिनील किरणांनी पिण्याचे पाणी निर्जंतुक करून पाहण्यात आले. पण दिवे नाजूक व महाग, तर क्लोरीन स्वस्त. म्हणून ही पद्धत मागे पडली.

हे किरण पाणी तापवत नाहीत. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जिवाणूच्या डीएनएमधील शेजारच्या घटकांना एकमेकांत जखडतात. मग त्याचे विभाजन होत नाही.

१९९२ च्या अखेरीस कॉलऱ्याचा ओ-१३९ हा नवा प्रकार दक्षिण भारतात उद्भवला आणि १९९३ मध्ये बंगाल व बांगलादेशात पसरला. मुंबईत शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ तेव्हा अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत होते. नेहमीच्या यंत्रात दिवा क्वार्ट्झच्या नळीत घालून पाण्यात बुडवतात. नळीवर क्षार साचले, की दिवा पेटलेला दिसतो, पण किरण पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत! गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर टांगला आणि खालून पाणी उताराने, उथळ थरात वाहू दिले. सुमारे ६० वॅट विजेत मिनिटाला १५ लिटर पाणी निर्जंतुक होऊ लागले.

या इतिहासातून निवडीची कसोटी मिळते. किरणांची मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. म्हणून नुसते वॅट पाहू नयेत, पाण्याचा वेगही पाहावा. पावसाळ्यातले गोदावरीचे गढूळ पाणी आधी गाळावे, कारण मातीच्या कणांआड जंतू लपतात. बुडवलेला दिवा असेल तर नळी सहज काढून पुसता यावी. दिवा रोज चालत असेल, तर साधारण वर्षाने बदलावा. उघड्या दिव्याकडे मुलांना कधीही पाहू देऊ नये.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात टाकीतले हिरवे पाणी फेकून न देता अतिनील दिव्याने स्वच्छ राखण्याचा मोह होणे साहजिक आहे. दिवा तरंगते शेवाळ मारतो खरा. पण माशांच्या विष्ठेतला अमोनिया, पाण्यातले क्षार व फ्लोराइड तसेच राहतात. नितळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.