जस्ट फाँटेन : तेरा गोलांचा मानकरी

विश्वचषक फुटबॉलच्या एकाच स्पर्धेत सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम फ्रान्सचा सेंटर फॉरवर्ड जस्ट फाँटेन याने १९५८ मध्ये स्वीडनमध्ये नोंदविला. सहा सामन्यांत त्याने १३ गोल केले. त्यापूर्वीचा उच्चांक हंगेरीच्या सँडोर कोक्सिसचा, १९५४ मधील ११ गोलांचा होता. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या स्पर्धांत पश्चिम जर्मनीचा गर्ड म्युलर (१९७०, १० गोल) हाच काय तो दोन आकडी संख्येपर्यंत पोहोचला. हा विक्रम करणाऱ्या फाँटेनची कारकीर्द मात्र अठ्ठाविसाव्या वर्षीच संपली.

फाँटेनचा जन्म १८ ऑगस्ट १९३३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे झाला. वडील फ्रेंच, तर आई स्पॅनिश. कॅसाब्लांकातील क्लबकडून खेळत असताना नीसने त्याला हेरले आणि १९५३ मध्ये तो फ्रान्सला आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्झेंबर्गविरुद्धच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याने हॅट्ट्रिक केली. नीसकडून त्याने १९५४ चा फ्रेंच चषक आणि १९५६ चे लीग विजेतेपद मिळविले. १९५६ मध्ये रेमंड कोपा रेआल माद्रिदला गेला तेव्हा त्याची उणीव भरून काढण्यासाठी रीम्सने फाँटेनला करारबद्ध केले. १९५७-५८ च्या मोसमात त्याने लीगमध्ये ३४ गोल केले व रीम्सने लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे पटकाविली.

स्वीडनमधील पराक्रम

स्वीडनमधील स्पर्धेत तो प्रथमपासून पहिली पसंती नव्हता. रेने ब्लियार जायबंदी झाल्याने त्याला संधी मिळाली. त्याचे बूटही निकामी झाले होते; सहकारी स्टेफान ब्रुए याचे बूट मागून घेऊन तो मैदानात उतरला. पॅराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडविरुद्ध एक आणि उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन अशी त्याची वाटचाल झाली. मधल्या फळीतून कोपाने द्यावा तो पास आणि फाँटेनने वेगाने पुढे सरकून साधावा तो गोल, असे या जोडीचे समीकरण होते.

उपांत्य सामन्यात फाँटेनने ब्राझीलवर गोल केला. त्या स्पर्धेत ब्राझीलला स्वीकारावा लागलेला तो पहिला गोल. परंतु बचावपटू रॉबेर जाँके जखमी झाला. त्या काळी बदली खेळाडूची मुभा नव्हती. १७ वर्षांच्या पेलेने हॅट्ट्रिक साधली आणि फ्रान्स २-५ असा हरला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पश्चिम जर्मनीवर ६-३ असा विजय मिळविताना फाँटेनने चार गोल केले. त्या सामन्यातील पेनल्टी मात्र कोपाने घेतली. फाँटेनच्या तेरा गोलांत एकही पेनल्टी नाही. सर्वाधिक गोल करणाऱ्यासाठी तेव्हा सोन्याचा बूट नव्हता. एका स्वीडिश वृत्तपत्राने त्याला बंदूक भेट दिली.

अकाली अखेर

१९५८-५९ च्या युरोपियन चषकात त्याने १० गोल केले. रीम्सला अंतिम सामन्यात मात्र कोपाच्याच रेआल माद्रिदकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली. मार्च १९६० मध्ये त्याच्या पायाचे हाड मोडले. तो सावरून परतला, पण जानेवारी १९६१ मध्ये पुन्हा तोच पाय मोडला. जुलै १९६२ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. फ्रान्सकडून २१ सामन्यांत ३० आणि फ्रेंच लीगमध्ये २०० सामन्यांत १६५ गोल, असा त्याचा हिशेब आहे.

त्या काळी फ्रान्समधील व्यावसायिक खेळाडू वयाच्या पस्तिशीपर्यंत क्लबशी बांधलेला असे. त्याला विकायचे की ठेवायचे, हे क्लबच ठरवी. १९६१ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत फाँटेन होता आणि तोच तिचा पहिला अध्यक्षही झाला. १९६९ मध्ये ठरावीक मुदतीचे करार आले व खेळाडूंची ही वेठ सुटली.

प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय संघाबरोबरची त्याची कामगिरी १९६७ मध्ये दोनच सामन्यांत आटोपली. पुढे १९७४ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनला त्याने प्रथम श्रेणीत नेले. १९८० च्या आफ्रिकन चषकात त्याच्या मार्गदर्शनाखाली मोरोक्कोला तिसरे स्थान मिळाले. १ मार्च २०२३ रोजी तुलूझ येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.