नॉर्थ कोलच्या उतारावर

मृग नक्षत्र लागण्याचा सुमार म्हणजे कोंकणांतल्या शेतकऱ्याच्या आनंदाचा काळ. परंतु मोसमी वारे हिमालयाच्या माथ्याशीं जाऊन भिडले म्हणजे तेथें पावसाऐवजीं बर्फ कोसळूं लागतें. इ. स. १९२२ च्या जून महिन्यांत एव्हरेस्टवर चढूं पाहणाऱ्या इंग्रज मोहिमेस या वाऱ्यांनीं गांठलें.

जनरल ब्रूस हे या मोहिमेचे नायक. मे महिन्यांत दोन चढाया झाल्या होत्या. पहिलींत मॅलरी, सॉमरव्हेल व नॉर्टन हे जवळजवळ २७,००० फुटांपर्यंत गेले. दुसरींत फिंच व जेफ्री ब्रूस यांनीं प्राणवायूच्या नळकांड्यांच्या साह्यानें सुमारें २७,३०० फुटांची उंची गांठली. मंडळी एवढ्यावर थांबती, तर त्या वर्षाची हकीकत निव्वळ पराक्रमाची ठरती. पण शिखर इतकें जवळ आलेलें पाहून माघार घेणें कोणाच्या जिवावर येणार नाहीं?

३ जूनला तिसरी चढाई निघाली आणि लागलीच बर्फ पडूं लागलें. ६ तारखेस आकाश निवळलें. ७ जून रोजीं सकाळीं मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड आणि चौदा हमाल २१,००० फुटांवरील छावणींतून नॉर्थ कोल नांवाच्या खिंडीकडे निघाले. गुडघ्यांपर्यंत पाय रुतत होते.

या उताराची जागाच घातक आहे. एव्हरेस्टवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, आणि हा उतार खिंडीच्या पूर्वेस, म्हणजे वाऱ्याच्या आडोशास पडतो. पलीकडचें झाडून आणलेलें बर्फ वारा येथें आणून टाकतो व चेपून बसवितो. असा थर वरून घट्ट दिसतो. परंतु खालच्या जुन्या थराशीं त्याची पकड कच्ची असते. उतार ३० ते ४५ अंशांचा असला कीं हा सारा थर निसटण्यास माणसाच्या पावलाचें ओझें पुरतें.

मॅलरीला धोक्याची जाणीव नव्हती असें नाहीं. वाटेंत एक लहानसा खडा चढ पाहून या मंडळींनीं तेथील बर्फ मुद्दाम तुडवून पाहिलें. तें सरकलें नाहीं, तेव्हां पुढेंहि भय नाहीं असें त्यांनीं ठरविलें. येथेंच घात झाला. शितावरून भाताची परीक्षा होते. बर्फाची होत नाहीं. एकाच उतारावर दहा पावलांत थरांची घडण पालटते.

दुपारीं सुमारें दीड वाजतां दारूचा बार उडावा तसा दबका आवाज झाला आणि पायांखालचा उतार चालूं लागला. दोरानें बांधलेल्या चार तुकड्या एकामागून एक चढत होत्या. पुढच्या दोन तुकड्या कांहीं अंतरावर जाऊन थांबल्या. मागच्या दोन तुकड्यांतील नऊ हमाल मात्र एका बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेंत फेंकले गेले, आणि लोट त्यांच्यावर येऊन पडला. दोघांस जिवंत बाहेर काढतां आलें. सात जण गेले. उरलेल्या हमालांच्या इच्छेवरून त्यांचे देह तेथेंच ठेवण्यांत आले, व खालच्या छावणींत त्यांच्या स्मरणार्थ दगडांचा ढीग रचला गेला.

मोहिमेंतील एकाहि गोऱ्या माणसास प्राणास मुकावें लागलें नाहीं. मार्ग निवडला त्यांनीं आणि किंमत दिली ओझें वाहणारांनीं, ही गोष्ट सॉमरव्हेलच्या मनाला फार लागली. मॅलरीनेंहि दोष स्वतःकडे घेतला. सॉमरव्हेल धंद्यानें शल्यवैद्य होता. पुढें त्यानें त्रावणकोरांतील नेय्यूर येथील रुग्णालयांत अनेक वर्षें काम केलें. १९२४ सालीं शॅमोनी येथें या मोहिमेस ऑलिंपिकचें पदक मिळालें.

नॉर्थ कोलचा तो उतार मात्र पुढेंहि तसाच राहिला. १९३५ सालीं शिप्टनची तुकडी खिंडीवरून उतरत असतां, आपण ज्या बर्फावरून चढून आलों त्याचा मोठा भाग तुटून गेल्याचें तिला आढळलें, आणि तिनें त्या वाटेचा नाद सोडला. १९३६ सालीं तेथेंच शिप्टन व विन हॅरिस हिमलोटांत सांपडले. ते थोडक्यांत बचावले.