जयपूर फूट: पेटंट नसलेल्या पायाची कुळकथा

जयपूर फूटचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणूनच तो देशोदेशी पोचला, असं व्याख्यानांत आणि लेखांत नेहमी सांगितलं जातं. ऐकायला ते छान वाटतं. पण ह्या पायाची कुळकथा सनावळी लावून पाहिली, तर ते अर्धंच खरं निघतं. उरलेलं अर्धं आजच्या छोट्या उद्योजकाच्या जास्त कामाचं आहे.

गोष्ट साठच्या दशकातल्या जयपुरातली, सवाई मानसिंह रुग्णालयातली. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवून देत, आणि त्यातले बरेच जण काही दिवसांनी पुन्हा कुबड्या घेऊनच फिरताना दिसत. दिलेला पाय घरात कोपऱ्यात पडलेला असे. त्या काळचा प्रचलित पाय पाश्चात्त्य राहणीचा, बुटात घालायचा. आत कडक गाभा आणि घोट्याला जवळपास हालचालच नाही. आपल्याकडे माणूस देवळात आणि स्वयंपाकघरात अनवाणी जातो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, शेताला पाणी द्यायला चिखलात उतरतो. ह्यातलं एकही काम त्या पायानं होत नव्हतं. लोक त्याला कंटाळत होते ह्यात त्यांचा काही दोष नव्हता.

ह्या अडचणीवर तोड काढली ती रामचंद्र शर्मा ह्यांनी. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. कारागीर घराण्यातले, शालेय शिक्षण बेताचं, हात मात्र विलक्षण. रुग्णालयात ते रुग्णांना हस्तकला शिकवत. त्यांना कल्पना कशी सुचली ह्याची एक गोष्ट सांगितली जाते: सायकल पंक्चर झाली, दुकानात थांबावं लागलं, आणि तिथे ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम चाललेलं दिसलं. गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, पायाचं तंत्र टायर रिट्रेडिंगच्या धंद्यातूनच आलं हे पाय कापून पाहिला तरी कळतं.

टाचेचा आणि चवड्याचा ठोकळा स्पंजासारख्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा, तर घोट्याचा ठोकळा लाकडी. आतून आरपार जाणारा कडक दांडा नाही, त्यामुळे पाऊल सगळ्या बाजूंना थोडंथोडं वळतं, खडबडीत जमिनीशी जुळवून घेतं. ह्या ठोकळ्यांभोवती टायरमध्ये असतं तसं दोऱ्याचं रबर गुंडाळायचं, वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवायचं, सगळं पावलाच्या आकाराच्या धातूच्या साच्यात घट्ट बसवायचं आणि तापवून व्हल्कनाइझ करायचं. साच्यातून निघतं ते बोटं असलेलं, पाण्यात न बिघडणारं पाऊल. ते घालून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. साल १९६८.

आता सनावळी पाहा. १९६८ ते १९७५ ह्या सात वर्षांत असे पाय बसवले गेले ते जेमतेम पन्नासच्या घरात. पेटंट तेव्हाही नव्हतंच. दार सताड उघडं होतं, तरी आत कुणी आलं नाही.

आकडा फिरला तो १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाल्यावर. संस्थापक देवेंद्र राज मेहता हे सनदी अधिकारी. १९६९च्या मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जेमतेम वाचला होता. समितीनं पायात नाही, पाय देण्याच्या पद्धतीत बदल केला. रुग्ण कुठल्याही वेळी आला तरी त्याला आत घ्यायचं, राहायला-जेवायला द्यायचं, माप घेऊन शक्यतो एक-दोन दिवसांत पाय बसवून चालतं करायचं, आणि पैसे घ्यायचे नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला चार वेळा जयपूरच्या खेपा परवडत नाहीत, हे ज्यानं ओळखलं त्यानं हा पाय खऱ्या अर्थानं बाजारात आणला. फुकट दिला तरी मी त्याला बाजारात आणणंच म्हणेन: माल गरजवंताच्या हातात पडेपर्यंतची सगळी साखळी बांधणं. पावलाच्या वरचा भाग आधी ॲल्युमिनियमचा असे. पुढे त्यासाठी शेतीत पाण्याला वापरतात तसले एचडीपीई पाइप आले. पाइप तापवून प्लॅस्टरच्या साच्यावर चढवायचा, गार झाला की नळी तयार. कच्चा माल कुठेही मिळणारा, म्हणून शिबिरं अफगाणिस्तानातही भरवता आली.

समजा, सेठी आणि मास्टरजींनी पेटंट घेतलंच असतं, तर काय झालं असतं? त्या वेळी १९११चा कायदा चालू होता, १९७२मध्ये १९७०चा पेटंट कायदा अमलात आला. दोन्हींतली मुदत १४ ते १६ वर्षांची. म्हणजे १९८०च्या दशकाच्या मध्याला ते आपोआप सर्वांना खुलं झालं असतं. शिवाय १९७८ साली सेठी आणि सहकाऱ्यांनी 'प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल' ह्या नियतकालिकात पायाची पूर्ण रचना छापली. छापून आलेलं तंत्र नवं उरत नाही, आणि नवं नसलेल्याला पेटंट मिळत नाही. दुसऱ्या कुणाला हे तंत्र आपल्या नावावर करण्याची वाटही त्यामुळे बंद झाली. ज्याला आपला शोध सर्वांसाठी खुला ठेवायचा आहे, त्यानं गप्प न राहता तो असा छापूनच टाकावा, हे आजचे पेटंट वकीलही सांगतात.

खरं नुकसान झालं ते दुसऱ्या दोन ठिकाणी. पेटंटच्या अर्जात 'खरा आणि पहिला शोधक' कोण, हे लिहावं लागतं. तसा कागद झाला असता, तर मास्टरजींचं नाव कायद्याच्या नोंदीत राहिलं असतं. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण रबर हाताळणाऱ्या माणसाचं नाव बाहेरच्या जगाला फार उशिरा कळलं, आणि त्याची मला खंत वाटते.

दुसरं ठिकाण म्हणजे नाव. मुंबईच्या सुधा चंद्रन हिचा पाय १९८१च्या अपघातात गेला. जयपूर फूट लावून ती पुन्हा भरतनाट्यम करू लागली. १९८६च्या 'नाचे मयूरी' चित्रपटानंतर हे दोन शब्द घरोघरी गेले. मग कुठल्याही कार्यशाळेतलं रबरी पाऊल त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. एकाचं रबर दोन वर्षांत फाटतं, दुसऱ्याचं टिकतं, पण रुग्णाच्या तोंडी नाव एकच. पेटंट नको होतं असं मानलं, तरी नावावर पकड हवीच होती. आयएसआयच्या शिक्क्यासारखं प्रमाणन चिन्ह असतं: तंत्र कुणीही वापरावं, शिक्का मात्र कसोटीला उतरेल त्यालाच. ट्रेडमार्कचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी करत राहता येतं. पेटंटसारखा तो संपत नाही.

हा धडा जयपूरच्याच सांगानेरी ठसेवाल्यांनी गिरवला. फिक्या कपड्यावर नाजूक बुट्ट्यांची सांगानेरी हातछपाई २०१०च्या सुमारास भौगोलिक मानांकनात नोंदली गेली. तरी स्क्रीनवर छापलेलं कापड आजही 'सांगानेरी ब्लॉक प्रिंट' म्हणून विकलं जातं, कारण नोंद झाली म्हणजे राखण झाली असं नव्हे. कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवायचं असतं, नकली मालावर कुणी तरी तक्रार करायची असते, आणि त्यासाठी रोजचा वेळ व पैसा लागतो. मानांकन मिळाल्याचे सत्कार झाले की आपल्याकडे इथेच घोडं अडतं. २०२५च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा कोल्हापुरीला मानांकन मिळून काही वर्षं झाली होती. पण ते भारतातलं. परदेशात हक्क सांगायचा, तर तिथे वेगळी नोंदणी लागते.

जयपूर फूटची पुढची पिढी जास्त जाणती निघाली. इस्रोच्या पॉलीयुरेथेन तंत्रातून रबराहून हलकं पाऊल घडलं. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी समितीबरोबर कमी खर्चाचा गुडघा बनवला, आणि २००९ साली 'टाइम'नं त्याची त्या वर्षीच्या पन्नास उत्तम शोधांत गणना केली. पुढे डी-रेव्ह ह्या ना-नफा संस्थेनं त्याची सुधारित आवृत्ती कारखान्यात एकाच दर्जानं बनवायला घेतली आणि तिला 'रीमोशन' असं स्वतःचं वेगळं नाव दिलं.