विडंबनगीतांचा नाद

विडंबनगीतांची गोडी लागणे हे पोक्तपणाचे लक्षण मानले जात नाही. मला ती लागली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. आणि ती लागण्यापूर्वी माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला होता.

आमचे पुरुषोत्तमनगर म्हणजे शहादे तालुक्यातील साखर कारखान्याचे गाव. थंडीत गाळप सुरू झाले की मळीचा वास थेट वर्गात येई. अशाच एका थंडीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, सातवीतील एका मुलाने मी वर्गात चालीवर म्हणून दाखविलेल्या कवितेच्याच चालीत माझी छडी, माझा चष्मा व माझा गृहपाठ यांवर पद रचून म्हटले. मुले खदखदा हसली. मी त्याला कार्यक्रमातून काढून टाकले. पुढे तो शाळेत कधीच गायला नाही.

काही वर्षांनी वाचनालयात ‘झेंडूची फुले’ हाती आले. प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली प्रसिद्ध केलेला हा संग्रह. त्याचे मर्म जाणावयाचे तर त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. तेथे १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले, आणि त्यातील यशवंत व गिरीश या कवींनी सभांतून कविता गाऊन दाखविण्याची प्रथा महाराष्ट्रभर लोकप्रिय केली. कविता कानांत बसू लागली. म्हणूनच तिचे विडंबनही कानांनी ओळखता येऊ लागले. माधव ज्यूलियनांची फारसी शब्दकळा, सुनीतांचा सोस, प्रेयसीची आळवणी, सारेच अत्र्यांच्या तावडीत सापडले. कवितेचा विषय कोण, तर परीट. नाहीतर चहाच्या पेल्यात पडलेली माशी! विषय क्षुद्र, वृत्त मात्र निर्दोष. अत्रे हे पुण्याच्या कॅम्प भागातील एका शाळेचे मुख्याध्यापक. मुलांना कविता शिकविणाऱ्या मनुष्याने असे लिहावे याचा, खरे सांगतो, मला प्रथम रागच आला.

पण पुस्तक काही मिटवेना. एक मात्रा ढळली तरी विडंबन निर्जीव होते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात मूळ कविता त्याच वेळी वाजत असावी लागते. हे उमगले तेव्हा त्या मुलाचे पद आठवून मी बोटांवर मात्रा मोजल्या. एकही चुकली नव्हती. साऱ्या वर्गात माझी चाल पुरतेपणी आत्मसात केलेला विद्यार्थी तो एकटाच, आणि त्यालाच मी गप्प बसविले होते.

ही खोड नवी नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे घेऊन भारुडे रचली. तेथे दिशा मात्र उलटी. बोली रस्त्यावरची, अर्थ परमार्थाचा. विंचवाचे भारूड रंगात आले की हसू आणि भक्ती यांची फारकत करणे कठीण जाते. आम्ही शिक्षकांनी ती फारकत उगाच केली.

एक धास्ती मात्र मनातून जात नाही. इंग्लंडात लुईस कॅरल यांनी १८६५ च्या ‘ॲलिस’मध्ये आयझॅक वॉट्स यांच्या मधमाशीवरील उपदेशपर कवितेत मधमाशीच्या जागी मगर आणून बसविली. आज मगर अनेकांना ठाऊक आहे. मधमाशी फारच थोड्यांना. आपल्याकडेही अत्र्यांच्या ओळींना हसणारे पुष्कळ, पण ज्यांची थट्टा झाली त्या कविता म्हणून दाखविणारे किती? म्हणून माझ्या ओसरीवर मुले जमली की मी आधी मूळ कविता चालीवर म्हणतो, मग विडंबन. मुले दुसऱ्याचीच वाट पाहत असतात, हेही मला कळते.

तो विद्यार्थी आता दोन मुलांचा बाप आहे. गेल्या वर्षी शहाद्याच्या बाजारात भेटला, तेव्हा ते पद म्हणून दाखव, अशी मी त्याला विनंती केली. तो लाजला. म्हणाला, “गुरुजी, चाल तेवढी आठवते. शब्द गेले.”