सॉफ्टवेअर भांडारे आणि जुन्या आवृत्त्यांचे जतन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

संगणकावर सॉफ्टवेअर उतरवून घेणे, त्यास लागणाऱ्या पूरक घटकांची जुळणी करणे व ते अद्ययावत ठेवणे ही कामे पॅकेज मॅनेजर करतो. नवी आवृत्ती आल्यावर जुनी भांडारात ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. परंतु जुन्या आवृत्तीत सुरक्षेचे ज्ञात दोष राहतात, आणि ती नाहीशी झाली तर तिच्या आधारे केलेले संशोधन पुन्हा पडताळणे कठीण होते. म्हणून या प्रश्नाचा विचार भांडारांच्या इतिहासाच्या आधारे करणे उचित ठरते.

दोन परंपरा

१९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाने परस्परांशी जुळणाऱ्या घटकांच्या संचास प्राधान्य दिले. नवी आवृत्ती आली की मुख्य भांडारातील जुनी सामान्यतः दूर केली जाते. याउलट, 'आर' या सांख्यिकी भाषेसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'क्रॅन' भांडारात वापरकर्त्यास नवी आवृत्ती मिळते, पण जुन्या आवृत्त्या स्वतंत्र संग्रहात राहतात. पुढे डेबियननेही दिनांकवार संग्रहाची वेगळी सेवा उपलब्ध केली. तीत २००५ पासूनची पॅकेजेस आढळतात.

दोन घटनांचा धडा

मार्च २०१६ मध्ये नावाच्या वादातून एका लेखकाने 'एनपीएम' भांडारातून आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यांत 'लेफ्टपॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. दुसऱ्या विकासकाने तेच कार्य करणारी १.०.० ही आवृत्ती तातडीने दिली, तरीही अडचण दूर झाली नाही, कारण अनेक प्रकल्पांची मागणी नेमकी ०.०.३ या आवृत्तीची होती. अखेर भांडाराच्या चालकांनी तीच पुन्हा उपलब्ध केली आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

डिसेंबर २०२१ मध्ये दुसरी बाजू समोर आली. 'लॉगफोरजे' या जावा घटकात गंभीर दोष उघड झाला. दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतरही 'मेव्हन सेंट्रल' भांडारातून सदोष आवृत्त्या उतरवून घेतल्या जात राहिल्या. जतनाची किंमत येथे स्पष्ट दिसते.

निष्कर्ष

जतन करणे आणि शिफारस करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासातून दिसून येते. रस्ट भाषेच्या भांडाराने हा भेद नियमातच आणला आहे. तेथे मागे घेतलेली आवृत्ती नव्या प्रकल्पासाठी निवडली जात नाही, मात्र जेथे ती आधीच नोंदलेली आहे तेथे मिळत राहते. ग्रंथालय कालबाह्य ग्रंथ वाचनकक्षातून हलवते, तो जाळत नाही. सॉफ्टवेअर भांडारांनीही जुनी आवृत्ती धोक्याच्या स्पष्ट सूचनेसह राखणे, हाच सुरक्षा आणि ज्ञानाची पडताळणी या दोहोंना न्याय देणारा मार्ग होय.