नाकाचे माप, बुद्धीचे माप आणि मोजणाऱ्याची वही



आरक्षणाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "बुद्धी रक्तातच असते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे." आपले लोक यावर चिडतात किंवा गप्प बसतात. दोन्ही करू नका. एकच विचारा: कोणी, कोणाला, कधी मोजले आणि ती वही कुठे आहे?

हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश सनदी अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे, हा त्याचा नासिका निर्देशांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. जात म्हणजे वंश, हे यातून ठसवले गेले. पण रिस्लेने एक काम चोख केले होते. १८९१ मध्ये त्याने बंगालच्या जाती-जमातींच्या मोजमापांचे तक्ते छापून प्रसिद्ध केले होते.

तक्ते उघडे होते म्हणून ते तपासता आले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात या मोजमापांची प्रांतवार छाननी केली. उत्तरेच्या एका पट्ट्यात जातीची उतरंड आणि नाकाचे माप यांचा मेळ दिसला, इतर प्रांतांत तो दिसेना. पुढे बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' लिहिताना हीच छाननी हाताशी घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधता येणार नाही, असे दाखवून दिले. बाबासाहेबांना त्यासाठी एकही नाक मोजावे लागले नाही. ज्या आकड्यांवर उतरंड उभी केली होती, तेच आकडे त्यांनी तिच्याविरुद्ध साक्षीला उभे केले.

आता वही बंद असली की काय होते ते पाहा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास मांडला आणि बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते असा निष्कर्ष काढला. १९५५ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या होत्या, १९६६ मध्ये ५३ झाल्या. पण दोघांच्या बुद्ध्यांकातील सहसंबंध दोन्ही वेळा ०.७७१! जोड्या दुपटीहून वाढल्या तरी तिसऱ्या दशांशापर्यंत फरक नाही. १९७४ मध्ये लिऑन कामिन यांनी यावर बोट ठेवले. तोवर बर्ट वारले होते आणि त्यांची कागदपत्रे नष्ट झाली होती. बर्ट यांची बाजू घेणारे अभ्यासक आजही आहेत. पण त्यांच्याकडेही दाखवायला मूळ वही नाही. तरीही या आकड्यांनी अनेक वर्षे मुलांच्या कुवतीबद्दलच्या चर्चेत विज्ञान म्हणून मान मिळवला.

हा एका माणसाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ मध्ये अनेक देशांतील मानसशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन आपल्याच विषयातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक होता. पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत आला. तेव्हापासून त्या विषयात एक आग्रह वाढला आहे. प्रयोगाआधी गृहीतक जाहीर नोंदवा, कच्ची आकडेवारी खुली ठेवा, फसलेले प्रयोगही छापा. आपली चूक मोजून चव्हाट्यावर मांडणारे शास्त्र मला जास्त विश्वासाचे वाटते.

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे? तर आपल्या घरापर्यंत येऊ. भारतात आजही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातील कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० चे. मुलांची मालिन चाचणी आणि सामाजिक परिपक्वतेच्या वाइनलँड मापनश्रेणीचे भारतीय रूप, ही दोन्ही कामे १९६० च्या दशकात आपल्या नागपुरात ए. जे. मालिन यांनी केली. त्या काळी ही कामे मोलाचीच होती. पण कोणत्याही चाचणीत मुलाची तुलना होते ती मानके ठरवताना निवडलेल्या मुलांशी. १९३० च्या दशकात अस्पृश्यांची किती मुले शाळेच्या बाकावर होती? होती त्यांना कुठे बसवत?

मानके जुनी झाली की गुण फुगतात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांची आकडेवारी घेऊन दाखवले. म्हणजे ज्या मुलाला खरोखर आधार हवा, तो कागदावर ठीक ठरू शकतो. उलट, घरी सिंधी, भोजपुरी किंवा बोलीतली मराठी बोलणाऱ्या, शाळेत खंड पडलेल्या मुलाला पुस्तकी शब्द विचारले तर तो आहे त्यापेक्षा कमी ठरू शकतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या चाळींत आणि वस्त्यांत अशी मुले घराघरांत आहेत.

आणि एका गुणाची किंमत किती? केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनुसार बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना वाइनलँड श्रेणीवर ५५ ते ६९ गुण म्हणजे ५० टक्के, ७० ते ८४ गुण म्हणजे २५ टक्के, असे धरले जाई. बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट. म्हणजे त्या सूचनांनुसार ६९ आला तर आधार मिळे, ७० आला तर रिकाम्या हाताने घरी जावे लागे.

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक अहवालावर चाचणीचे नाव, तिची मानके कोणत्या वर्षाची, कोणत्या मुलांवर ठरली आणि मुलाला कोणत्या भाषेत प्रश्न विचारले, हे लिहिलेले असावे. विद्यापीठांनी नवी मानके ठरवताना जात, भाषा, वस्ती आणि शाळा यांची नोंद करावी आणि मुलांची ओळख झाकून ती आकडेवारी खुली करावी. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी अहवाल हातात पडताच हे चार प्रश्न विचारावेत. मोजणाऱ्याचा अपमान करायला नव्हे. ज्या आकड्यावर आपल्या लेकराचे भवितव्य ठरते, तो आकडा तपासण्याचा आपला हक्क आहे. बाबासाहेबांनी तो बजावला, आपणही बजावू.

जय भीम!